तीन अजानींपर्यंत

आमच्या भागात गाय व्याली की तिचे पहिले दूध कुणी फेकत नाही. वासराला पोटभर पाजून जे उरते त्याचा खरवस होतो, त्यात गूळ पडतो, वेलची पडते, आणि झाकलेल्या ताटल्या शेजारीपाजारी जातात. हिंदूंच्या घरून आमच्याकडे येतात, आमच्या घरून त्यांच्याकडे जातात. छत्तीसगडकडून लग्न होऊन आलेल्या बायका त्याला पेवस म्हणतात, आमच्या घरात खीस हा शब्द आहे. वासराला चीक मिळाला नाही तर ते तग धरत नाही, हे गुराख्याच्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते.

त्याच घरात सून बाळंत झाली की तिच्या छातीतले घट्ट पिवळे दूध मात्र ‘गंदा’ ठरते. नऊ महिने साठून राहिलेले, बासी. ते पिळून कापडावर काढतात, कुणी मोरीत, कुणी भिंतीला. बाळाच्या तोंडात तोवर शहद, गुळाचे पाणी, घुट्टी किंवा शेळीच्या दुधात बुडवलेली कापसाची वात. गोठ्यातले शहाणपण अंगण ओलांडून माजघरात का येत नाही, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडलेला आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड. झाले आहे, विज्ञान आणि उर्दू हे माझे विषय. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा मी स्वतः शाळकरी मुलगी होते. आठ तालुक्यांचा हा जिल्हा धानाचा, तळ्यांचा, तेंदूपानांचा. मुसलमानांची घरे येथे थोडी. गोंदिया शहर सोडले तर रस्त्याकाठच्या कसब्यांतून दहा-वीस, कुठे पन्नास. घरात हिंदुस्तानी, बाजारात मराठी, आणि आजूबाजूला पोवारी, गोंडी, छत्तीसगढी. शिक्षकाला मतदारयाद्यांपासून शाळाबाह्य मुलांच्या पाहणीपर्यंत सतरा कामे असतात. माझे पुरुष सहकारी ओट्यावर बसून कागद भरतात. मी बाई असल्यामुळे मला पडद्याच्या आत बोलावतात, आणि आत गेले की खाटेवर कुणीतरी ओली बाळंतीण असतेच. तिच्या उशाशी लोखंडाचा तुकडा, पायाशी शेगडी, आणि तिच्या बाळाबद्दल तिच्यासमोरच निर्णय घेणाऱ्या चार बायका.

निर्णय हा शब्द मुद्दाम वापरला. कारण या चौघींत ती स्वतः नसते.

अशाच एका घरी माझी जुनी विद्यार्थिनी भेटली. आठवीत तिचे विज्ञान चांगले होते. वर्गात तिने रक्ताभिसरणाची आकृती फळ्यावर काढली होती, हे मला आठवते. आता ती एकोणीस वर्षांची होती आणि तिचा मुलगा जन्मून काही तास झाले होते. सकाळी फजरनंतर दवाखान्यात बाळंत होऊन दुपारी ती घरी आलेली. बाळ रडत होते आणि सासू बोटाने शहद चाटवत होती. मी विचारले, दूध पाजले का? सासू म्हणाली, “अभी दूध उतराच कहाँ है? और तीन अजान तो होने दो, बाजी.” जोहर झाली होती, असरला अवकाश होता, म्हणजे मगरिबच्या आधी काही नाही. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली घातली. तिच्या ओढणीखाली दुधाने कुर्ता ओला झाला होता.

तीन अजानींचा हा दंडक आला कुठून? मी बऱ्याच म्हाताऱ्यांना विचारले. कुणी म्हणाली बुजुर्गांनी सांगितले, कुणी म्हणाली सुन्नत आहे, एकीने सांगितले की तेवढ्या वेळात शैतान निघून जातो. बाळाच्या कानात अजान देण्याची प्रथा आपल्यात आहे; त्या अजानीचा आणि उपाशी ठेवण्याचा कुणी कधी सांधा जोडला, त्याचा माग लागत नाही. आणि हा आमच्याच जंगलातल्या जिल्ह्याचा मागासपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात, जिथे शाळा आणि दवाखाने यांची कमतरता नाही, एका बापाने पाच अजानी होईपर्यंत बाळाला आईचे दूध देऊ दिले नाही. डॉक्टरांनी समजावले, तरी ऐकले नाही. शेवटी पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला आणि वर्तमानपत्रांत बातमी झळकली. बातमी वाचून आमच्या शिक्षक-खोलीत एक सहकारी म्हणाले, बघा तुमच्यातले! मी त्यांना विचारले, तुमच्या घरी नणद छाती धुवून नेग घेईपर्यंत पाजत नाहीत ना? ते गप्प झाले. धुण्याचा हा विधी आमच्यातही काही घरांत आहे. नणद दुसऱ्या गावी असली की ती येईपर्यंत बाळ थांबते. एसटी चुकली तर आणखी थांबते.

धर्माकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी आणि धर्माची ढाल करणाऱ्यांसाठीही थोडे लिहिणे भाग आहे. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत आईने पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, ज्याला ती मुदत पुरी करायची आहे त्याच्यासाठी. आमच्या मोहल्ल्यात एवढे बहुतेकांना माहीत असते. पण त्याच आयतीत पुढे जे आहे ते क्वचितच ऐकू येते. त्या काळात आईच्या अन्नाची आणि वस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. दूध तोडायचे तर ते दोघांच्या संमतीने, आपसात सल्लामसलत करून. म्हणजे आईचे मत विचारायचे आहे. दूध पाजणारीला रोजाची रुख्सत आहे, हेही तितकेच स्पष्ट असताना रमजानमध्ये तान्ह्या बाळाची आई सासूच्या धाकाने रोजे धरते, आणि संध्याकाळी छाती कोरडी पडली म्हणून वरचे दूध सुरू होते. हे मी पाहिले आहे.

शहदाच्या बाजूने तहनीकचा दाखला दिला जातो. हिजरतीनंतर मदिनेत मुहाजिरांच्या घरी जन्मलेले पहिले मूल म्हणजे हजरत अस्मांचे पुत्र अब्दुल्लाह बिन जुबैर. पैगंबर साहेबांनी (स.) खजूर चावून मऊ केला आणि त्याचा अंश बाळाच्या टाळूला लावला, अशी हदीस आहे. टाळूला लावणे आणि तीन दिवस शहद-पाण्यावर ठेवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आईचे दूध थांबवा असे त्यात कुठेच नाही. शहद कितीही शुद्ध असले तरी त्यात एका जातीच्या जंतूंची बीजे असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती निरुपद्रवी राहतात, तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. म्हणून वर्षाच्या आतल्या मुलाला शहद देऊ नये, असे वैद्यक सांगते.

आणि ते पिवळे दूध? जन्मानंतरचे दोन-तीन दिवस ते थोडेच येते, चमचा-दोन चमचे. बाळाची भूकही तेवढीच असते. त्यात रोगाशी लढणारी प्रथिने आणि पांढऱ्या पेशी ठासून भरलेल्या असतात, अ जीवनसत्त्व असते. पिवळेपणा कॅरोटीनचा, गाजरात असते त्याच जातीच्या रंगाचा. ‘दूध उतरले नाही’ याचा अर्थ पांढरे, पातळ, भरपूर दूध अजून आले नाही एवढाच. ते यायचे तर बाळाने चोखले पाहिजे. चोखले की मेंदूला इशारा जातो आणि दूध बनते. म्हणजे दूध उतरल्यावर पाजू म्हणणे हे विहिरीला पाणी लागल्यावर खणू म्हणण्यासारखे आहे. घाना देशात सुमारे अकरा हजार नवजात बालकांवर केलेला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तासाभरात आईचे दूध सुरू केले तर नवजात मृत्यूंपैकी सुमारे 22 टक्के टळू शकतील, असा त्याचा निष्कर्ष होता.

माझ्या आईला घानाची गरज नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीचा, माझ्या खालाचा, पहिला मुलगा सातव्या दिवशी गेला. आईच्या सांगण्यात बाकी काही येत नाही, फक्त एवढेच की त्याला वातीने शेळीचे दूध पाजत होते आणि खालाच्या छातीत गाठी झाल्या होत्या, त्यांवर कोबीची पाने बांधली होती. मूल एकीकडे, दूध एकीकडे. त्याचा अकीकाही व्हायचा होता. खाला आजही त्याचे वय मोजते.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. थोड्याफार शिकलेल्या बायका घड्याळ, वजनकाटा आणि उबदार पिशवी घेऊन घरोघर जाऊ लागल्या. त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, आणि 1999 साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आता देशभर आशाताई जे करतात त्याचे मूळ तिथे आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी बेचाळीसाव्या दिवसापर्यंत आशाने सहा वेळा घरी यायचे असते. आपला चिल्ला चाळीस दिवसांचा! सरकार दोन दिवस जास्त देते, असे मी एकदा आमच्या आशाताईला म्हटले तेव्हा ती खूप हसली. तिला आमच्या मोहल्ल्यातल्या दोन घरांत उंबऱ्यावरूनच परत पाठवत असत. मी तिच्याबरोबर जाऊ लागले, मग आत बोलावू लागले.

पण सगळे पाप म्हाताऱ्यांच्या माथी मारणे मला मान्य नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशातली 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली होती. पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके मात्र 41.8 टक्के. त्याआधीच्या 2015-16 च्या फेरीत हाच आकडा 41.6 होता. मधल्या काळात दवाखान्यातली बाळंतपणे जवळपास दहा टक्क्यांनी वाढली, 2016 साली ‘माँ’ नावाचा स्तनपानाचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला, आणि पहिला तास होता तिथेच राहिला. दवाखान्यात तर दादी नसते, अजानींचा हिशेब नसतो. मग त्या तासात बाळ कुठे असते?

याचे उत्तर मला माझ्या पहिल्या बाळंतपणात मिळाले. शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात माझे सिझेरियन झाले. मुलगी रडली, मला लांबून दाखवली, आणि दुसऱ्या खोलीत नेली. मी तीनदा मागितली. आयाबाई म्हणाली, “तुम्हाले दूध नाही आलं अजून बाई, कायले तरास घेता?” सासूबाईंच्या शब्दांत आणि तिच्या शब्दांत काडीचा फरक नव्हता. बाहेर माझ्या नवऱ्याच्या हातात चिठ्ठी आली, तीवर पावडरच्या डब्याचे नाव. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचे पोट भरलेले होते आणि ती चोखायला तयार नव्हती. गंमत म्हणजे त्या दिवशी माझ्या बाजूने भांडल्या त्या सासूबाईच. “बच्ची को माँ के पास दो, तुम लोग क्या डिब्बे का सौदा करते?” असे त्या व्हरांड्यात इतक्या मोठ्याने बोलल्या की पलीकडच्या खोलीतल्या बायका दारात आल्या.

सौदा हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण तो अचूक होता. बाळाच्या दुधाच्या पावडरच्या जाहिरातींवर आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, 2003 मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही, उलट आईचे दूधच सर्वोत्तम असे छापावे लागते. हे सगळे डब्यावर असते. चिठ्ठीवर नसते. मोहल्ल्यातल्या बायका डबा परवडत नाही म्हणून दोन चमच्यांऐवजी एक घालतात, बाटली हौदाच्या पाण्याने विसळतात, आणि डबा संपल्यावर त्यात डाळ ठेवतात. फळीवर तो डबा दिसला की बाई शिकलेल्या घरची, असा समज आहे.

आणि मग कामाचा प्रश्न. माझ्या नोकरीत मला प्रसूतीची पगारी रजा मिळाली. मोठ्या कारखान्यांतल्या आणि कचेऱ्यांतल्या बायकांसाठी ती 2017 पासून सव्वीस आठवड्यांची झाली. माझ्या विद्यार्थिनीच्या आया बिड्या वळतात किंवा रोवणीला जातात. रोवणी आषाढ-श्रावणात येते, पऱ्हे कुणासाठी थांबत नाहीत, आणि पावसात बांधीच्या चिखलात उभ्या असलेल्या बाईचे बाळ घरी सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. ती बहीण त्या दिवसांत शाळेत येत नाही, माझ्या हजेरीपटावर तिच्यापुढे फुली पडते. बिडीवाली घरीच असते, पण मांडीवर सूप असते, सुपात जर्दा. बाळाला घ्यायचे तर हात धुवायचे, उठायचे, पाने सुकतात, आणि संध्याकाळी सट्टेदार मोजून घेतो. सहा महिने निव्वळ आईचे दूध, वर पाणीसुद्धा नको, हे मी त्यांना सांगते तेव्हा त्या मान हलवतात. ती मान शिकवणाऱ्या बाईचा मान राखायला हललेली असते, हे मला कळते.

हजरत उमरांच्या खिलाफतीतली एक रिवायत मी या संदर्भात नेहमी सांगते. मदिनेबाहेर एक काफिला उतरला होता आणि ते रात्री पहाऱ्यावर होते. एक मूल रडत होते, थांबत नव्हते. त्यांनी आईला दोन-तीनदा समजावले, शेवटी रागावले. ती न ओळखता म्हणाली, मी याचे दूध तोडते आहे, कारण उमर वजीफा फक्त दूध सुटलेल्या मुलांना देतात. मूल अवघे काही महिन्यांचे होते. सकाळी फजरच्या नमाजात रडण्यामुळे त्यांची किरअत लोकांना समजेना, आणि नमाज संपताच त्यांनी जाहीर केले की दूध तोडण्याची घाई करू नका, यापुढे प्रत्येक मुलाला जन्मापासूनच वजीफा मिळेल. त्या बाईला कुणी जाहिल म्हटले नाही. नियम बदलला.

ही रिवायत मी पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली ती बायकांच्या तालीमच्या बैठकीत. दर जुमेरातीला एका घरी ही बैठक असते. त्या दिवशी कामठीहून एक तरुण आलिमा आली होती. मी तिला आधीच भेटून तीन अजानींविषयी विचारले होते. मला वाटले होते ती आढेवेढे घेईल. ती म्हणाली, “बाजी, ये तो आप खुद पूछो, मैं जवाब देती.” मी विचारले. तिने रजाअतच्या आयती सांगितल्या, बापावरची जबाबदारी सांगितली, आणि मग साफ म्हणाली की अजान कानात द्या, दूध तोंडात द्या, दोघांचे भांडण नाही. मागे बसलेल्या म्हाताऱ्या दाईने विचारले, मग आम्ही इतकी वर्षे केले ते? आलिमा म्हणाली, ते अल्लाह पाहील, तुम्ही पुढचे बाळ पाहा. दाई पुटपुटत उठली आणि चहा न घेता गेली. पुढच्या जुमेरातीला मात्र परत आली, आणि तिने मला बाजूला घेऊन विचारले की सिझेरियनवालीला बाळ कोणत्या कुशीवर द्यायचे. तिच्या हातून आता बाळंतपणे होत नाहीत, पण मालिशीला तीच जाते आणि पहिले आठ दिवस घरात तिचाच शब्द चालतो. आशाताईच्या चार भेटींइतके वजन तिच्या एका वाक्याला आहे.

त्या बैठकीत माझ्या विद्यार्थिनीची सासू बसली होती. काही बोलली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलीला दुसरे बाळ झाले, मुलगी. नवरा ट्रक घेऊन रायपूरकडे गेला होता. त्याने महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून मोबाइलवरून अजान दिली, सासूने फोन बाळाच्या कानाशी धरला, आणि तोवर बाळ छातीला लागलेले होते. हे मला आशाताईने सांगितले, ती प्रसूतिगृहात हजर होती. शहदाची बाटली सासूने नेली होती खरी. ती पिशवीतच राहिली.

चिल्ला संपल्यावर मी भेटायला गेले. अछवानीचा वास अजून घरात होता. मुलगी बाळसेदार, सूप परत मांडीवर आलेले. सट्टेदाराचा निरोप येऊन गेला होता. आम्ही बोलत असताना बाळ उठले. तिने पानांकडे पाहिले, सुपाकडे पाहिले. सासूने खाटेवरून उतरून सूप स्वतःकडे ओढले. “तू पिला उसे,” ती म्हणाली, “दो कट्टे मैं बाँध देती.”